हाकेचा पगार

रविवार, १२ जानेवारी २००३. रक्कम अडतीस हजार पाचशे रुपये. हजर: माझी बायको, म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टर, तिचे कंपाउंडर, विरारहून आलेला सॉफ्टवेअरवाला, आणि मी. कॉम्प्युटरचे सत्तावीस हजार, वीज गेली तरी तो चालू राहावा म्हणून घेतलेल्या बॅटरीचे अडीच हजार, बाहेरच्या दोन स्पीकरचे वायरीसकट दीड हजार आणि प्रोग्रॅमचे साडेसात हजार. चेक मी लिहिला, सही बायकोने केली.

आदल्या वर्षी मी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. सव्वीस वर्षं अकाउंट्स खात्यात काढलेली, त्यामुळे घरी बसल्यावर आठवड्याभरात मी दवाखान्याचे आकडे मांडायला घेतले. दवाखाना आचोळ्यात, एका चार मजली बिल्डिंगच्या तळमजल्यावर, दीड गाळ्यात. बाहेर दोन लांब बाक, कोपऱ्यात औषधं द्यायची खिडकी, आत केबिन. सकाळी चाळीस पेशंट, संध्याकाळी अठ्ठावन्नच्या आसपास. माझ्या हिशोबाने संध्याकाळचा आकडा पंचेचाळीसच्या खाली गेला की दवाखाना स्वतःचा खर्च काढणार नव्हता. आणि तो जायची भीती होती, कारण समोरच्या नव्या बिल्डिंगमध्ये पॉलिक्लिनिक उघडलं होतं. एसी, एक्स-रे, भिंतीवर लाल आकड्यांचा टोकन बोर्ड. पुढे मे महिन्यात त्यांचा मॅनेजर येऊन बोलूनच गेला: गाळा आणि प्रॅक्टिस मिळून सहा लाख, मॅडमनी आमच्याकडे पगारावर बसावं, ३१ डिसेंबरपर्यंत विचार करा.

बायकोने मला तेव्हाच सांगितलं, "एकोणीस वर्षं मी माझ्या वेळेला माझ्या खुर्चीत बसले. आता दुसऱ्याच्या घंटेला उठणार नाही. काय करायचं ते तुम्ही बघा."

मी जानेवारीपासूनच बघत होतो. मुख्य तक्रार एकच, खोळंबा. संध्याकाळचा पेशंट दीड दीड तास बसायचा. तो वेळ कुठे जातो हे शोधायला मी चार दिवस बाकावर बसलो आणि माझ्या लक्षात आलं की बराचसा वेळ हाका मारण्यात जातो.

कंपाउंडर वसईच्या बंदराकडच्या मच्छीमार वस्तीतले, ख्रिस्ती, साठीला आलेले. खिडकीत उभं राहून औषधं देणं आणि पेशंटना हाक मारून आत पाठवणं ही त्यांची दोन कामं. पगार तीन हजार दोनशे. नावाने ते कोणालाच हाक मारत नसत. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकणारी म्हातारी म्हणजे "सुकेळीवाल्या आजी". बँकेतला एक गृहस्थ चिंचोटीला दगडावरून घसरून मनगट मोडून आला होता, तो कायमचा "धबधब्यावाले". शाळेतून निवृत्त झालेले, छातीचे जुने पेशंट, ते "खोकल्याचे मास्तर". कोणाला याचा राग येत नसे. उलट, कंपाउंडरने आपल्याला नाव ठेवलं म्हणजे आपण दवाखान्याचे झालो असं लोक मानत.

पण प्रत्येकाला हाक तीन वेळा. मधे थांबायचं, बाटलीचं बूच लावायचं, मग दुसरी. मग तिसरी. तेव्हा कुठे माणूस उठणार.

"काका," मी त्यांना विचारलं, "माणूस तुमच्यासमोर बसलाय. एकदा म्हटलेलं ऐकू येत नाही का त्याला?"

"येतं की, साहेब. पन उठत नाय."

"का?"

"तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला कोन ओ देतो? कोनाची हाक हाय, काय म्हाईत? तो एकदाच मारतो. मानूस असला तर परत मारील."

"तो कोण?"

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "तो म्हंजे तो."

"अहो, पण तुम्ही तर दर रविवारी चर्चला जाता."

"जातो ना. तिकडं भेटतात ते पन नाय उठत."

ही समजूत मला नवी नव्हती. आमच्या रत्नागिरीच्या घरी आई अंगणातून आलेल्या पहिल्या हाकेला कधी ओ देत नसे आणि आम्हालाही देऊ देत नसे. पण ट्यूबलाइटच्या उजेडात, तीस माणसांच्या मधोमध, दवाखान्यात? मी गुणाकार केला. दर पेशंटला अर्धं मिनिट धरलं तरी संध्याकाळचा निम्मा तास नुसत्या हाकांत जात होता. प्रोग्रॅममध्ये मी एकच हाक ठेवायला सांगितली. अर्ध्या मिनिटात पेशंट आत आला नाही तर गैरहजर लावून आपोआप पुढची हाक. सुरुवात संध्याकाळी ठीक साडेसहाला, तीही आपोआप. म्हणजे डॉक्टरांनाही वेळेवर येण्याची शिस्त लागेल.

मला नंबर पुकारायचे होते. बायको त्याला तयार झाली नाही. "आजारी माणसाला आकड्याने हाक मारायची नाही," ती म्हणाली. मग ठरलं की कंपाउंडरांच्याच आवाजात त्यांच्या हाका भरून घ्यायच्या. जानेवारी-फेब्रुवारीचे सगळे रविवार त्यात गेले. ते माइकसमोर स्टुलावर ताठ बसत आणि एकेका जुन्या पेशंटला हाक मारत: "धबधब्यावाले, आत या." "तिसऱ्या माळ्याच्या ताई, आत या." एकूण अकराशे चाळीस हाका भरल्या. चाचणीसाठी माझं नावही पेशंट म्हणून घातलं होतं. त्यांनी गंभीर चेहऱ्याने "साहेब, आत या" म्हटलं आणि मला हसू फुटलं.

"हसू नका ओ," ते म्हणाले. "तुमचं हसू पन आत गेलं."

परत भरू या म्हटलं तर सॉफ्टवेअरवाल्याला घाई होती. तशीच राहिली. अशा बऱ्याच हाकांच्या मागे काही ना काही राहून गेलं होतं. कुठे वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिटी, कुठे कावळा, कुठे रस्त्यावरचा भंगारवाला.

मार्चपासून यंत्र सुरू झालं. ऑगस्टपर्यंत संध्याकाळची सरासरी त्रेसष्टवर गेली आणि खोळंबा पाऊण तासावर आला. एक गोष्ट मी पाहत होतो आणि सोडून देत होतो. स्पीकरमधून कंपाउंडरांची हाक आली की खिडकीतून कंपाउंडर स्वतः तीच हाक आणखी दोनदा मारत. मग माणूस उठे.

"काका, मशीनला कशाला मदत करताय?"

"सवय, साहेब."

आकडे चांगले येत होते, म्हणून मी पुढे बोललो नाही.

सप्टेंबरात, गणपती होऊन गेल्यावर, एका गुरुवारी पहाटे ते घरी झोपेतच गेले. शुक्रवारी त्यांच्या चर्चच्या आवारात त्यांना माती दिली. आम्ही दोघं गेलो होतो. दवाखाना दोन दिवस बंद ठेवला आणि शनिवारी फक्त संध्याकाळचा उघडायचं ठरवलं.

शनिवारी दुपारी आम्ही दवाखान्यात जाऊन झाडलोट केली. पुढे ढकललेल्या एकतीस पेशंटची यादी मी कॉम्प्युटरमध्ये घातली. बायकोने नेहमीप्रमाणे केबिनला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि ती कंपाउंडरांच्या घरी भेटायला वसईला गेली. सव्वासहापर्यंत येते म्हणाली. मी सहाला शटर उघडलं. लोक येऊन बसले. दोघा-तिघांनी खिडकीकडे बघून हात जोडले. मी खिडकीच्या आत शिरून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत होतो. आता हे काम कोण करणार, याचाच विचार डोक्यात होता.

साडेसहा वाजले.

"सुकेळीवाल्या आजी, आत या."

आवाज अगदी स्वच्छ. दोन्ही कोपऱ्यांतून एकदम, आणि पाठोपाठ कावळा. मी हातातली बाटली खाली ठेवली. आजी माझ्या समोरच बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. त्यांनी फक्त पिशवीचे बंद घट्ट धरले. सगळे खाली बघायला लागले. अर्धं मिनिट गेलं. शाळेत शांतता पाळायला लावतात तेव्हासुद्धा कोणीतरी खोकतं. इथे खोकल्याचे मास्तरही खोकले नाहीत.

"धबधब्यावाले, आत या."

मी केबिनच्या दाराशी गेलो. कुलूप. कॉम्प्युटर आत, किल्ली बायकोकडे. तिला उशीर झाला होता. मी दार जरा हलवून पाहिलं. तिसरी हाक आली. चौथी आली. मग मला मेन स्विचची आठवण झाली. जिन्याखाली जाऊन मी तो खाली ओढला. दिवे गेले, पंखे फिरत फिरत थांबले. बाहेर अजून थोडा उजेड होता, पण आत बाकांपर्यंत तो पोचत नव्हता.

"खोकल्याचे मास्तर, आत या."

बॅटरीचं मी विसरलो होतो. अडीच हजारांची ती बॅटरी याचसाठी घेतली होती. स्पीकरही तिच्यावरच होते. आता दर दोन हाकांच्या मधे केबिनमधून तिची बारीक टीं टीं ऐकू येत होती आणि पंखे बंद असल्यामुळे हाक जास्तच जवळून आल्यासारखी वाटत होती. मी जिन्याच्या पायरीशीच उभा राहिलो. मला स्विच परत वर करता आला असता. मी केला नाही. अंधारात एकामागून एक माणसं बोलावली जात होती आणि कोणी उठत नव्हतं. पळूनही कोणी गेलं नाही. मला वाटतं, आपली हाक व्हायच्या आधी निघावं तर दारातच ती यायची, असं प्रत्येकाला वाटलं असावं.

पावणेसातला बायको आली. तोवर यादी संपली होती. तिने दारातून आत पाहिलं, डोळे बारीक केले.

"अहो," ती म्हणाली.

मी गप्प राहिलो.

"अहो! कुठे आहात? लाइट गेलेत का?"

"इथे आहे," मी म्हणालो.

तिने केबिन उघडली. पडद्यावर ओळ होती: आजची यादी संपली. गैरहजर ३१. ती बाहेर आली तेव्हा सत्तावीस माणसं तिच्यासमोर बाकांवर बसलेली होती. चारजण खरंच आले नव्हते, त्यांनाही हाका गेल्या होत्या. त्या संध्याकाळी कोणाला तपासून घ्यायचं नव्हतं. एकेकजण उठून मागे न बघता गेला.

सोमवारपासून मी हाका बंद करून नुसती टिंग वाजणारी घंटा ठेवली आणि टोकन सुरू केलं. सकाळचे पेशंट चाळीसच राहिले. संध्याकाळचे चौतीसवर आले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुकेळीवाल्या आजी गेल्या. वय एक्याऐंशी, हृदय सहा महिन्यांपासून थकलेलं. बायकोने त्यांच्या मुलाला आधीच सांगून ठेवलं होतं. पण पहिली हाक त्यांची होती. आठवड्याभरात संध्याकाळ एकोणीसवर आली.

मग लोक सकाळी येऊन विचारायला लागले. त्या दिवशी हजर नसलेलेसुद्धा.

"बाई, आमच्यापैकी कोणाला आलेली का हो हाक?"

"नाही," बायको प्रत्येकाला सांगायची. खरं असो वा नसो.

एक तरुण सून दोनदा येऊन गेली. "सासूबाईंना आली होती का?"

"नाही गं."

"नीट आठवा ना, मॅडम."

"नाही म्हटलं ना."

"बरं," ती म्हणाली आणि जरा निराश होऊनच गेली. त्या दिवसांत आम्ही दोघं हसलो ते एवढंच.

मी कागदावर नवे आकडे मांडले आणि बायकोपुढे ठेवले. संध्याकाळच्या एकोणीस पेशंटवर दवाखाना चालत नाही. पॉलिक्लिनिकचे सहा लाख घ्यावे, असं माझं मत मी स्पष्ट सांगितलं. तिने कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"डिसेंबर संपेपर्यंत हे मला पुन्हा दाखवू नका," ती म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही.

ऑक्टोबरातल्याच एका रविवारी संध्याकाळी मी एकटाच दवाखान्यात औषधांचा साठा मोजत होतो. शटर अर्धं खाली. खोक्यांवरून नजर हलवायची नाही अशी माझी मोजताना सवय असते.

"साहेब, आत या."

मी गोळ्यांची पाकिटं मोजायचं थांबलो. हाकेच्या मागे कोणीतरी हसत होतं. माझंच हसू आहे हे समजायला मला वेळ लागला, कारण ते माझ्यापेक्षा फारच निर्धास्त माणसाचं वाटत होतं. केबिनचं दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. मी ओ दिली नाही. उभा राहिलो आणि दुसरी हाक येते का याची वाट पाहिली. ती आली नाही.

सॉफ्टवेअरवाल्याने दुसऱ्या दिवशी येऊन खुलासा केला. घंटेचा बदल मी सोमवार ते शनिवारच केला होता, रविवार तसाच राहिला होता. चाचणीतलं माझं नाव दर रविवारच्या यादीत होतं. म्हणजे मार्चपासून दर रविवारी साडेसहाला, कॉम्प्युटर चालू राहिला असेल तेव्हा, बंद दवाखान्यात मला हाक जात होती. त्याने मिनिटभरात ते काढून टाकलं आणि चहा पिऊन गेला. खुलासा मला पूर्ण पटला. तरी पुढचे काही दिवस तिन्हीसांजेला मी दवाखान्यात एकटा थांबलो नाही.

नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांत मृतांसाठी प्रार्थना करायचा महिना. त्या महिन्याच्या मध्यावर एका शनिवारी सकाळी कंपाउंडरांची बायको आली. बंदरावर मासळी विकणारी, ठेंगणी, आवाज नवऱ्यापेक्षा मोठा. बाकावर न बसता ती थेट टेबलाशी आली.

"साहेब, लोक म्हनतात आमचा मानूस तुमच्या दवाखान्यात हाका मारतो. मातीतून उठून येतो म्हनतात. खरं?"

बायकोने तिला सगळं नीट सांगितलं: कॉम्प्युटर, रविवार, स्पीकर.

"मंग मला ऐकवा."

"दुपारी या," मी म्हणालो. "कोणी नसताना शांतपणे ऐका."

"दुपारी कशाला? लोकांनी दुपारी ऐकलं काय? त्यांनी ऐकलं त्या वेळेलाच मी ऐकनार."

संध्याकाळी ती आली आणि बाकाच्या मधोमध बसली. त्या दिवशी अकरा पेशंट होते. ती कोण हे कळताच दोघं उठायला लागले, तर म्हणाली, "बसा रे. मी काय भूत हाय?" केबिनचं दार उघडं ठेवून मी यादीत तिची हाक शोधली. तीही कधीकाळची पेशंट, म्हणून तिचीही भरलेली होती. बायको दारात उभी राहिली. मी बटण दाबलं.

"अगो… ऐकलंस? आत ये."

अकराशे चाळीस हाकांत "ये" म्हटलेली ती एकच. बाकांवर कोणी हललं नाही. तीही हलली नाही. मान खाली, हात मांडीवर. अर्धं मिनिट झालं असेल. मला वाटलं, पुरे, बंद करावं. तेवढ्यात ती मान वर न करता म्हणाली, "परत लावा."

"अगो… ऐकलंस? आत ये."

ती तशीच बसली. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना म्हणत होती की काही पुटपुटत होती, माहीत नाही.

"परत."

"अगो… ऐकलंस? आत ये."

"आली रे बाबा, आली!" ती ओरडली. "कान नाय फुटले माजे." आणि गुडघ्यांवर हात टेकत उठली, पदर सारखा केला, बायकोच्या बाजूने केबिनमध्ये आली आणि पेशंटच्या खुर्चीत बसली. बायकोने आत येऊन तिचं ब्लड प्रेशर घेतलं. वाढलेलं होतं.

बाहेर येताना ती बाकांसमोर उभी राहिली. "तोच हाय," तिने सांगितलं. "दुसरा असता तर तीनदा कशाला मारली असती? चला, कोनाची पाळी? मास्तर, तुमची काय?"

मास्तर म्हणाले, "मला मशीनने बोलावू दे."

मी त्यांची हाक लावली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा लावली तेव्हा मास्तर आधी खोकले आणि मग उठले.

सॉफ्टवेअरवाल्याने हाका परत सुरू करून प्रोग्रॅममध्ये एकाच्या जागी तीन केलं. त्याचे त्याने पाचशे घेतले. डिसेंबरमध्ये संध्याकाळची सरासरी एकेचाळीस झाली, शेवटच्या आठवड्यात पंचेचाळीस. ३१ तारखेला पॉलिक्लिनिकचा मॅनेजर आला तेव्हा बायकोने त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. फेब्रुवारीत आकडा चोपन्नवर गेला. औषधांच्या खिडकीत अडीच हजारांवर एक मुलगी ठेवली.

लोकांना सवय झाली. मला पूर्ण झाली असं म्हणता येणार नाही. संध्याकाळी वरच्या मजल्यावर कुकर लागलेला नसताना स्पीकरमधून शिटी यायची आणि नवा पेशंट छताकडे बघायचा. नव्या लोकांसाठी नुसती घंटा होती, कारण त्यांना नाव ठेवणारा कोणी राहिला नव्हता. जुने कोणी घर बदलून जात, कोणी वारत. मी त्यांची नावं यादीतून काढत असे. अकराशे चाळीसच्या अकराशे बारा झाल्या, मग एक हजार नव्वद. त्या हाका फक्त कमी होणार होत्या.

पुढच्या सप्टेंबरात वर्षाच्या मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेचं, बोलावणं करायला कंपाउंडरांची बायको आली. बोलावणं झालं, पाणी प्यायली, आणि बाकावर बैठक मारून म्हणाली, "साहेब, त्याचा पगार?"

"कोणाचा?"

"कोनाचा म्हंजे? जो हाका मारतो त्याचा."

मी तिला आठवण करून दिली की गेल्या सप्टेंबरचा पूर्ण पगार दिला होता आणि बायकोने वर दहा हजार दिले होते.

"ते मेला म्हनून दिलंत. मी कामाचं बोलते. त्याने काम केलं का नाय?"

"तो आवाज आहे नुसता. हाका कॉम्प्युटर मारतो."

"मंग कॉम्प्युटरला सांगा, सोताच्या आवाजात मार."

केबिनमधून बायकोचं हसू ऐकू आलं आणि मधेच थांबलं. मी वहीचा कागद घेतला. औषधं देण्याचं काम आता एक मुलगी करते, तेव्हा हाकांचा वाटा पगाराच्या एक तृतीयांश धरायला हरकत नाही, असं मी म्हटलं.

"तिसरा हिस्सा? बाजारात मला कोन पापलेट मागताना पन एवढा पडेल भाव सांगत नाय. औषधं कोन बी देतो. हाक कोन मारील? अर्धा."

बायको दारात आली. "अर्धा द्या," ती मला म्हणाली. "त्या हाकेवर माझी खुर्ची राहिलीय."

अर्धा म्हणजे सोळाशे. गेल्या नोव्हेंबरच्या मध्यापासून दहा महिने, सोळा हजार. मी आकडा लिहून त्याखाली रेघ मारली.

"आनि ती एक संध्याकाळ?" ती म्हणाली.

"कुठली?"

"माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. यकतीस मानसं बोलवली ना त्याने? कोन उठला नाय, तो काय त्याचा दोष?"

मी रेघेखाली भागाकार मांडला. सोळाशे भागिले तीस, त्रेपन्न रुपये तेहतीस पैसे.

"चौपन्न," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं की आता बंद करा. वर्ष झालं, त्याला जाऊ दे. त्याच संध्याकाळपासून मी हाका बंद केल्या. बायको स्वतः केबिनच्या दारात येऊन पेशंटला बोलावू लागली, तीन वेळा. त्यात वेळ जातो, पण मी आता तो मोजत नाही.

त्या दिवशी व्हाउचर लिहिताना मी कंपाउंडरांच्या बायकोचं नाव घालत होतो. तिने बोट ठेवून मला थांबवलं.

"काम कोनी केलं?"

म्हणून ते असं लिहिलं गेलं: दिनांक १४ सप्टेंबर २००४, सोळा हजार चोपन्न रुपये रोख, कंपाउंडरांच्या नावे, दहा महिने आणि एक संध्याकाळ हाका मारल्याबद्दल. पैसे त्यांच्या बायकोने दोनदा मोजून घेतले. अंगठा तिचा.